टॉवर फुल, तरी पान उघडेना? दोष दरवेळी रेंजचाच नसतो

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. उद्या सकाळी कांदा भरून न्यायचा म्हणून बाजारभाव बघायला मोबाईल काढला. कोपऱ्यात टॉवर फुल दिसतोय, पण पांढऱ्या स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. शेजारी बसलेल्या पुतण्याच्या फोनवर मात्र तेच पान उघडलं. सिमकार्ड एकाच कंपनीचं, टॉवरही तोच. मग घोडं अडलं कुठं?

अशा वेळी आपण नेटला नावं ठेवून मोकळे होतो. कित्येकदा दोष नेटचाच असतोही. पण वेबसाइट बनवणाऱ्यानं काय पाठवलंय आणि ते उलगडायला आपल्या फोनला किती कष्ट पडतात, यावरही बरंच काही ठरतं. पान उघडलं नाही म्हणून सेवा केंद्रात जावं लागलं, तर फी जाते आणि दिवसाची मजुरीही बुडते. त्यामुळे हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही.

पानाचं वजन

वेबसाइटचं प्रत्येक पान आपल्या फोनवर उतरावं लागतं. त्यात मजकूर, फोटो, अक्षरांचे फॉन्ट आणि पान चालवणारा कोड असतो. आजकाल मोबाईलवर उघडणारं एक साधारण पान २ एमबीच्या आसपास भरतं. नेटचा वेग मात्र मेगाबिटमध्ये मोजतात आणि १ बाईट म्हणजे ८ बिट. म्हणजे २ एमबीचं पान १६ मेगाबिट झालं. वेग १ एमबीपीएस मिळाला तर १६ सेकंद लागतील. संध्याकाळी सगळं गाव ऑनलाइन आलं आणि वेग पाव झाला, की तेच पान मिनिटाच्या वर जातं. टॉवरच्या काड्या सिग्नल किती जोरात येतोय तेवढंच सांगतात, त्या टॉवरवर गर्दी किती आहे ते सांगत नाहीत.

यात मजकुराचा वाटा अगदी किरकोळ. मराठीतलं एक अक्षर किंवा मात्रा साठवायला ३ बाईट लागतात, इंग्रजी अक्षराला १. तरीही हजार शब्दांची मराठी बातमी २० केबीच्या आसपासच बसते आणि पाठवताना दाबून आणखी लहान करता येते. उलट मोबाईलच्या कॅमेऱ्यातून निघालेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या वजनात अशा २०० बातम्या मावतील! व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवण्याआधी तो आकसून घेतं, म्हणून तो पटकन जातो. वेबसाइटवाल्यालाही हे करता येतं. लहान स्क्रीनला लहान फोटो पाठवायचा आणि खालचे फोटो वाचणारा तिथपर्यंत सरकल्यावरच उतरवायचे. बऱ्याच ठिकाणी हे होत नाही. कार्यक्रमाच्या उद्घाटनाचा फोटो आहे तसा चढवला जातो आणि त्याचा भार अर्ज भरायला आलेल्याच्या डेटावर पडतो.

फॉन्टचंही तसंच. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाईल मोठी असते. अँड्रॉइड फोनमध्ये मराठी अक्षरं आधीच असतात, तीच वापरली तर वेगळा फॉन्ट उतरवावाच लागत नाही.

पुतण्याच्या फोनवर का उघडलं?

इथं खरी मेख आहे ती कोडची, म्हणजे जावास्क्रिप्टची. फोटो उतरला की फोन तो फक्त दाखवतो. कोड उतरल्यावर मात्र फोनच्या प्रोसेसरला तो वाचून चालवावा लागतो. नवा, चांगला फोन हे काम झटक्यात उरकतो. जुन्या, स्वस्त फोनला त्याच कामाला कित्येक पट वेळ लागतो. तेवढ्यात रॅम भरली की पान हँग होतं किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नेट सारखंच असलं तरी फोनमध्ये असा फरक पडतो.

आणि बनवणारे काय करतात? शहरात वायफायवर, भारी फोनवर तपासून पाहतात, म्हणतात झकास चाललंय. चार वर्षांच्या जुन्या फोनवर, शिवाराच्या कडेला उभं राहून कोण तपासतो?

सगळी माहिती एकदम कशाला?

बाजारभावाचंच घ्या. राज्यात सुमारे ३०० बाजार समित्या आहेत. प्रत्येकीत कितीतरी शेतमाल, त्यात वाण, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. हा सगळा तक्ता एकदम फोनवर ढकलला तर हजारो ओळी होतात आणि फोन दमतो. आपल्याला हवा असतो फक्त लासलगावचा लाल कांदा. चांगली साइट आधी विचारते, बाजार समिती कोणती, माल कोणता, आणि तेवढ्याच दोन-चार ओळी सर्व्हरवरून पाठवते.

ऑनलाइन सातबारा बघताना जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर असं एकेक विचारतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. मात्र प्रत्येक पायरीला फोनला सर्व्हरपर्यंत जाऊन यावं लागतं. रेंज येत-जात असेल तर तिसऱ्या पायरीवर गाडी अडते. म्हणून पायऱ्या कमी ठेवणं आणि एकदा निवडलेलं गाव पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवणं, हे बनवणाऱ्याचं काम.

पंधरा रकान्यांचा तक्ता मोबाईलवर बोटानं ओढत बसावं लागतं, हा आणखी एक ताप. ईथन मार्कोट या डिझायनरनं २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली. पान एकच, पण स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे त्याची मांडणी बदलते. मोबाईलवर तक्त्याची एक ओळ म्हणजे एक छोटी चौकट झाली तर वाचायला सोपं जातं. यात एक फसवणूक मात्र होते. काही साइट मोबाईलवर रकाने नुसते लपवतात. दिसत नसले तरी ते उतरलेले असतात आणि डेटा गेलेला असतो.

रेंज बघून चालणं कसं असतं ते यूट्यूबवर रोज दिसतं. नेट मंदावलं की चित्र धूसर होतं, पण व्हिडिओ चालू राहतो.

रेंजच नसेल तर

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये यावर उपाय ठेवला गेला. शिवारात नेट नसलं तरी नोंद करून ती फोनमध्ये साठवायची आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची. कल्पना उत्तम, पण गोंधळ इथंच होतो. ‘माहिती साठवली’ म्हणजे ती फक्त आपल्या फोनमध्ये आहे. अपलोड होण्याआधी अ‍ॅप काढून टाकलं किंवा अ‍ॅपचा डेटा साफ केला, तर नोंद गेली. मग सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि नुकसानभरपाई किंवा हमीभाव खरेदीच्या वेळी धावपळ होते. त्यामुळे अपलोड झाल्याचा संदेश आल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

आपल्या हातात काय?

‘फोन स्लो झाला, कॅशे साफ कर,’ असं कुणीही सांगतं. पण कॅशेमध्ये त्या साइटचे फोटो, फॉन्ट, कोड साठवलेले असतात, म्हणूनच दुसऱ्यांदा पान लवकर उघडतं. रोज साफ केलं तर रोज सगळं नव्यानं उतरवावं लागतं. पान जुनंच दिसत असेल किंवा फोनमध्ये जागाच उरली नसेल, तेव्हाच साफ करा.

पान फारच बारीक दिसत असेल तर क्रोमच्या तीन ठिपक्यांमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ला टिक राहिली आहे का ते बघा. डेटा वाचवणारा क्रोमचा लाईट मोड २०२२ मध्ये बंद झाला. ऑपेरा मिनीसारखे ब्राउझर पान दाबून लहान करतात, पण त्यासाठी पान त्यांच्या सर्व्हरवरून येतं. बातम्या वाचायला ठीक, बँकेच्या कामाला नको.

‘सबमिट’ दाबल्यावर चक्र फिरत राहिलं तर पुन्हापुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबणं म्हणजे सर्व्हरकडे नवी मागणी, आणि शेवटच्या तारखेला तिथं आधीच रांग लागलेली असते. पैसे भरायचे असतील तर आधी बँकेचा मेसेज बघा, मगच पुढचं. ‘फोटो ५० केबीच्या आत हवा’ असं साइट सांगते आणि आपला फोटो ४ एमबीचा निघतो. खरं तर साइटलाच तो फोनमध्ये लहान करून घेता येतो. तशी सोय नसेल तर गॅलरीत फोटो क्रॉप किंवा रिसाइझ करून घ्या, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून तिथून उतरलेला वापरून बघा.

हेल्पलाइनला फोन लावाल तेव्हा नुसतं ‘पान उघडत नाही’ म्हणू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, वेळ आणि कोणत्या पायरीवर अडलं ते सांगा, स्क्रीनशॉट जोडा. दुसऱ्या फोनवर, त्याच जागी तेच पान उघडलं असेल तर तेही आवर्जून सांगा. मग ‘तुमच्याकडे रेंज नसेल’ एवढं म्हणून फोन ठेवता येत नाही.