गाणं पुन्हा दिवाणखान्यात

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांनी मिळून एक गाणं शेवटचं कधी ऐकलंत? आठवत नाही ना? आमच्याकडेही तीच गत होती. ह्यांच्या कानात बोंडं, मुलीच्या कानात बोंडं, आणि मी ओट्यावर स्टीलच्या पातेल्यात फोन उभा करून ऐकायची. (पातेल्यात आवाज मोठा होतो, हे तुम्हालाही ठाऊक असेलच!) मामंजी मात्र दिवाणखान्यात एकटेच, बंद टीव्हीसमोर.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून मामंजींचा जुना ॲम्प्लिफायर, दोन लाकडी स्पीकर आणि कॅसेट डेक खाली आला. "भंगारात देऊन टाक," हे म्हणाले. मी अर्धा वेळ शिकवते त्या शाळेतल्या संगणकाच्या बाई मात्र म्हणाल्या, "अहो, गाणं कुठून आलं याच्याशी ॲम्प्लिफायरला काय देणंघेणं? कॅसेटचं असो की फोनमधलं, त्याचं काम ते मोठं करून स्पीकरला देणं."

त्यांनी समजावलं ते असं. डिजिटल गाणं म्हणजे आवाजाची मोजमापं. सीडीत एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजून आकडे लिहिलेले असतात. त्या आकड्यांचा पुन्हा विजेचा संकेत करावा लागतो, आणि ते काम करणारा भाग फोनमध्ये असतोच. मग हवी काय, तर एक वायर! एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढऱ्या अशा दोन. लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा कन्व्हर्टर मिळतो. ब्लूटूथचा रिसीव्हरही मिळतो, पण फोन घेऊन आपण दोन भिंतींपलीकडे मोरीत गेलो की गाणं अडखळतं. मला बाई वायरच बरी वाटली.

ॲम्प्लिफायरच्या मागे भोकं पुष्कळ असतात, त्यात गोंधळू नका. 'ऑक्स' लिहिलेल्या जागी पिना खोचा. 'फोनो' लिहिलेल्या जागी मुळीच नको. ती जागा तबकडीसाठी. तबकडीचा संकेत फार बारीक, म्हणून तिथे तो जास्तच वाढवला जातो आणि फोनमधलं गाणं तिथून फाटकं येतं. स्पीकरच्या वायरी लालला लाल, काळ्याला काळी अशाच लावा. मी एका बाजूला उलटी लावली, तर तबला कुठे गेला तेच कळेना.

स्पीकर कुठे ठेवायचे यावरून घरात थोडी धुसफूस झाली. मला ते शोकेसवर शोभेसारखे हवे होते. पण शोकेसवर ठेवले की आवाज डोक्यावरून जातो, आणि कोपऱ्यात कोंबले की नुसता घुमतो. शेवटी भिंतीपासून वीतभर पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे दोन स्टुलांवर ठेवले. दोन्ही स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समोर मामंजींची खुर्ची. मधे फुलदाणी नको, हे मी मान्य केलं.

फोन मात्र रोजचा नको, कारण गाण्याच्या ऐन रंगात कुणाचा तरी फोन येतो. मी माझा जुना फोन सिम काढून त्याच कामाला ठेवला. गाणी एमपी३ मध्ये असली तर जागा कमी लागते, पण त्यात आवाजाचा काही भाग गाळलेला असतो. फ्लॅकमध्ये काहीच गाळत नाहीत. तासाभराची सीडी जशीच्या तशी सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मी. ६४ जीबीच्या कार्डात दीडशे तासांचं गाणं सहज मावतं. मग कंजूषपणा कशाला?

आता कॅसेटचं सांगते. मामंजींनी रेडिओवरून नाट्यसंगीत टेप केलं होतं. प्रत्येक गाण्याआधी स्वतःच्या आवाजात तारीख सांगून! डेकमधून लॅपटॉपला जोडायला यूएसबीचं छोटं साउंड कार्ड आणलं आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. मी दुपारच्या निवडण्या-टिपण्यात एकेक बाजू उतरवली. सगळं त्या जुन्या फोनमध्ये भरलं. लॅपटॉपमधली जागा संपली म्हणून तिथलं पुसलं, आणि कॅसेटचा खोका भंगारवाल्याला दिला. झालं ना काम, म्हटलं.

तो फोन मी रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवायची. चार महिन्यांनी त्याची पाठ फुगून वर आली. बॅटरी! दुकानदाराने हात टेकले. कार्डावरची विकतची गाणी वाचली, पण मामंजींचं सगळं फोनच्या पोटात होतं. ते गेलं. मामंजी "जाऊ दे गं" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

तेव्हा मैत्रिणींनो, उतरवून झालं तरी मूळ कॅसेट टाकू नका. दमट हवेत बुरशी धरते म्हणून कोरड्या डब्यात ठेवा. एक प्रत घरातल्या पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी. आमची आता नाशिकला नणंदेकडे असते. आणि गाण्याचा फोन तास-दोन तास चार्ज करून काढून ठेवा. चार्जर काढल्यावर स्पीकरमधली ती बारीक गुणगुणही पुष्कळदा थांबते.

एक कॅसेट मात्र डेकमध्येच राहिली होती, म्हणून खोक्याबरोबर गेली नाही. सासूबाईंच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या. गेल्या रविवारी ती उतरवली आणि संध्याकाळी सगळ्यांना बसवून लावली. बोंडं काढून मुलगीही आली. जात्याची घरघर स्पीकरमधून इतकी स्पष्ट आली की मामंजी खुर्चीत पुढे सरकले. मधेच मागून एक कोवळा आवाज ओरडला, "आई, दूध उतू जातंय!"

सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं, ती मीच."