‘द रिटर्न टू डार्कनेस’: मुंबईच्या मेटलचा एक अल्बम

‘द रिटर्न टू डार्कनेस’ हा मुंबईच्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल बँडचा 2010 मधला स्टुडिओ अल्बम. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाने लंडनमधल्या ‘गोल्डन गॉड्स’ सोहळ्यात या बँडला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार दिला.

साहिल माखिजा यांनी 2000 मध्ये हा बँड सुरू केला. ‘डिमनस्टीलर’ हे त्यांचे रंगमंचावरचे नाव. बँडचा पहिला अल्बम त्याच नावाचा आणि पुढे काढलेले रेकॉर्ड लेबलही त्याच नावाचे. चित्रपटसंगीतावर पोसलेल्या बाजारात इंग्रजी मेटलला विचारणार कोण? तेव्हा अल्बम काढायचा तो स्वतःच. वाजवायच्या जागाही मोजक्या. 1986 पासून चालत आलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’चे धोबी तलावचे रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकले आणि हा महोत्सव पुढे उपनगरात, अंधेरी पश्चिमेच्या चित्रकूट मैदानावर आला. छोट्या गिगसाठी जुहूचे ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ होते. 2008 च्या ‘ग्लोबल मेटल’ या कॅनेडियन माहितीपटात मुंबईचे हे छोटे जग जगाने पाहिले.

‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (2005) आणि ‘बियाँड द डार्कनेस’ (2007) यांनी मांडलेली अंधाराची त्रयी ‘द रिटर्न टू डार्कनेस’ने पूर्ण केली.  नवख्या कानाला सारा गोंगाटच वाटेल, पण त्याला बांधणी आहे. ड्रमवर ‘ब्लास्ट बीट’, म्हणजे स्नेअर आणि बास ड्रमवर अतिवेगाने पडणारे सलग ठोके. त्यावर गिटारींची जाड भिंत. आणि सगळ्यांवर पसरलेला कीबोर्डचा वाद्यवृंदासारखा स्वर. गायनात ‘ग्रोल’ आहे. ती नुसती आरडाओरड नव्हे. स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंप पावून तो घोगरा आवाज निघतो आणि त्याला रियाज लागतो. मधूनच साधे, सुरेल गायन येते. कीबोर्ड आणि ग्रोल यांची सांगड ही अल्बमची खरी ताकद. सुरेल गायन मात्र त्या तोडीचे उतरलेले नाही. भव्यतेच्या हौसेपायी काही रचना लांबल्याही आहेत.

स्वतःच्या लेबलवर निघालेला हा अल्बम नंतर ‘कँडललाइट’ या ब्रिटिश लेबलने परदेशात आणला. ‘एम्परर’ आणि ‘ओपेथ’ या मेटल बँडचे सुरुवातीचे अल्बम काढणारे हे लेबल, तिथे जागा मिळणे हीच एक पावती होती. 2010 मध्येच बँड नॉर्वेच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवातही वाजला. एक गंमत मात्र नोंदवायला हवी. पुरस्काराच्या नावात ‘ग्लोबल’ असले, तरी अल्बमचा सूर ‘डिम्मू बोर्गिर’सारख्या नॉर्वेजियन बँडच्या वळणाचा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला हा बँड मुंबईचा आहे, हे ओळखता येणार नाही.

ती उणीव याच बँडच्या 2017 च्या ‘दशावतार’ या अल्बमने भरून काढली. ‘मत्स्य’पासून ‘कल्की’पर्यंत दहा अवतारांची दहा गाणी आणि त्यांत भारतीय वाद्यांचे सूर. कोकणात रात्रभर रंगणारे दशावतारी खेळ पाहिलेल्या मराठी श्रोत्याला निदान कथा तरी अनोळखी नाही. मेटल कधीच न ऐकलेल्याने आधी ‘दशावतार’ ऐकावा आणि त्यानंतर 2010 च्या अल्बमकडे वळावे. पुरस्कार आधीच्या अल्बमच्या वर्षी मिळाला असला, तरी दोहोंत अधिक स्वतंत्र काम नंतरचेच आहे.