धूर काळा का येतो?

गळिताच्या दिवसांत रोहिणखेडच्या रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, की आपण म्हणतो, "लोड जादा झाला." पुष्कळदा ते खरेही असते. पण कधी दोष डिझेल फवारण्याच्या वेळेत, म्हणजे टायमिंगमध्ये असतो.

डिझेल एंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. दट्ट्याने दाबलेली हवाच तापून डिझेल पेटवते. मात्र फवारा उडताच आग लागत नाही, थेंबांची वाफ व्हायला क्षणभर जातो. म्हणून दट्ट्या माथ्याला पोचण्याच्या काही अंश आधीच डिझेल सोडतात. मिनिटाला १५०० फेरे असतील तर एक अंश म्हणजे सेकंदाचा ९००० वा भाग!

फवारा फार लवकर आला तर साचलेले डिझेल एकदम भडकते. ठणठण ठोके पडतात, बेअरिंगला मार बसतो. शिवाय त्या उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनपासून विषारी वायू होतात, ते धुरासारखे दिसत नाहीत. उशीर झाला तर दट्ट्या खाली निघाल्यावर जळण चालते. ताकद घटते, सायलेन्सर तापतो, काजळी वाढते. डिझेलचे पैसे मात्र तेवढेच!

धूर दिसला म्हणून लगेच पंपाला हात लावू देऊ नका. आधी एअर फिल्टर, मग नोझल पाहा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. मगच फ्लायव्हीलची खूण कंपनीच्या पुस्तकातल्या अंशाशी ताडून घ्या. कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री आहेत, त्यांचा आम्हांला आदरही आहे. पण एका अंशाचा फरक कानाला कळेलच असे नाही.