पाऊस की बेरीज?

गेल्या दिवाळीत मी फोन बदलला. दुकानातल्या मुलाने दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले, "डेटा ट्रान्सफर करून देतो काका, वीस मिनिटं बसा," म्हणाला, आणि वीस मिनिटांत माझे फोटो, नंबर, न वाचलेले मेसेज, सगळं पलीकडे गेलं. निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उशाशी गजर वाजला आणि त्याच क्षणी कपाटाच्या खणातूनही वाजला. तोच गजर, तीच धून. म्हणजे पलीकडे काहीच गेलं नव्हतं. जे होतं ते जिथल्या तिथे होतं, नव्या फोनने फक्त ते उतरवून घेतलं होतं.

आपल्याकडे ट्रान्सफर म्हणजे बदली. तहसीलदारांची नाशिकहून धुळ्याला बदली झाली की नाशिकची खुर्ची रिकामी होते. एकच तहसीलदार दोन्हीकडे सह्या करताना कुणी पाहिलेला नाही. माणसाचं मन, त्याची जाणीव, त्याचं 'मी'पण यंत्रात 'ट्रान्सफर' करता येईल का, असा प्रश्न आज विचारला जातो तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बदली असते. यंत्राला मात्र फक्त उतरवून घेता येतं.

बदलीची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. आदि शंकराचार्यांच्या चरित्रकथेत मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, त्यांना कामशास्त्रावरचे प्रश्न विचारले. संन्याशाला उत्तरं कुठून येणार? त्यांनी मुदत मागितली, आपलं शरीर एका गुहेत ठेवलं आणि नुकत्याच वारलेल्या अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला. मला या कथेत सगळ्यात आवडतात ते गुहेच्या तोंडाशी बसलेले शिष्य. त्यांना राखण करावी लागते, कारण प्रवासी एकच आहे आणि त्याचं घर मागे उघडं पडलं आहे. तिकडे राजा अचानक इतका शहाणा कसा झाला म्हणून दरबारी संशय घेतात आणि राज्यात बेवारस पडलेली प्रेतं जाळायचा हुकूम सुटतो. कथा रचणाऱ्याला हिशेब पक्का ठाऊक होता: इथून निघाल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

मग यंत्रात जाऊ पाहणाऱ्याचं नेमकं काय उतरवून घ्यायचं? मेंदूत सतत विजेचे स्पंद धावत असतात. 'मी' म्हणजे जर ती धावती वीज असेल तर प्रश्नच मिटला, कारण समईची ज्योत काही वहीत उतरवून घेता येत नाही. पण इथे शस्त्रक्रियेच्या टेबलावरची एक विलक्षण गोष्ट मदतीला येते. हृदयाजवळच्या महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाचं शरीर साधारण 18 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. रक्ताभिसरण थांबवतात. मेंदूचा आलेख सपाट होतो, विजेची कुजबूजही उरत नाही. वीस-तीस मिनिटं ही अवस्था टिकते. नंतर शरीर हळूहळू ऊबदार करतात, आणि माणूस जागा होतो. बायकोला ओळखतो, चहात साखर किती ते सांगतो. वीज पूर्ण विझली तरी माणूस हरवला नाही. म्हणजे तो कुठेतरी लिहिलेला होता, पेशींच्या घडणीत आणि त्यांच्या आपसातल्या जोडण्यांत. आणि लिहिलेलं असेल तर, निदान तत्त्वतः, वाचताही येईल.

वाचनाचा पहिला धडा एका कृमीवर गिरवला गेला. सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा पारदर्शक सूत्रकृमी. त्याच्या अंगात मोजून 302 चेतापेशी. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर, जॉन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमीच्या अतिपातळ चकत्या केल्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढले आणि चकतीमागून चकती, हाताने, एकेका तंतूचा माग काढत नेला. या कामाला दहाहून अधिक वर्षं लागली. 1986 साली 340 पानांचा शोधनिबंध छापून आला आणि त्याच्या पानांच्या माथ्यावर छोटं शीर्षक होतं, 'एका कृमीचं मन'.

नकाशा हाती आला म्हणजे आता कृमी संगणकात वळवळायला हवा. 2011 पासून 'ओपनवर्म' नावाचा उपक्रम तेच करू पाहतो आहे. मध्यंतरी त्या जोडण्या लेगोच्या एका छोट्या गाडीत घातल्या, तेव्हा गाडी अडथळ्यापाशी थबकली आणि मागे वळली. वर्तमानपत्रांनी लगेच 'कृमीचं मन यंत्रात' अशा धाटणीच्या बातम्या दिल्या. पण खरा कृमी जे जे करतो, अन्न हुंगतो, शिकतो, विसरतो, ते सगळं करणारा संगणकी कृमी अजून झालेला नाही. 302 पेशींचा संपूर्ण नकाशा चाळीस वर्षं आपल्या खिशात आहे, आणि तरीही.

याचं कारण गावाच्या नकाशासारखं आहे. नकाशात रस्ते सगळे असतात, पण कोणत्या घराचं कोणत्या घराशी बोलणं बंद आहे, कुणाच्या शब्दाला वजन आहे आणि पारावर बसलेला कोण कुणाचे कान भरतो, हे त्यात नसतं. चेतापेशींच्या प्रत्येक सांध्याला चेतासंधी म्हणतात, आणि तो सांधा पुढच्या पेशीला चेतवतो की दडपतो, किती जोराने, हे नुसत्या आकारावरून नीट कळत नाही. शिवाय काही रसायनं तारांची वाटच बघत नाहीत, ती मधल्या द्रवात पसरतात आणि दूरच्या पेशीचा कल बदलतात. 2023 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अँड्र्यू लायफर यांच्या गटाने कृमीच्या एकेका चेतापेशीला प्रकाशाने टोचून बाकीच्या पेशी काय करतात ते मोजलं. निरोप खरोखर कुठे पोचतात याचा अंदाज नकाशावरून पुष्कळदा चुकत होता.

एवढं वाचून हे काम सोडून द्यावंसं वाटेल. मलाही वाटलं असतं, पण पुढचा प्राणी भेटला.

फळांवर घोंघावणारी चिलटासारखी माशी, ड्रॉसोफिला, तिचा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान असतो. एका मादी माशीच्या मेंदूच्या सुमारे 7,000 चकत्या केल्या गेल्या, प्रत्येकीची जाडी साधारण 40 नॅनोमीटर. आपल्या एका केसाच्या जाडीत अशा दोनेक हजार चकत्या मावतील. संगणकांनी तंतूंचा माग काढला, आणि त्यांच्या चुका जगभरच्या शास्त्रज्ञांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी बसून दुरुस्त केल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: 1,39,255 चेतापेशी आणि 5 कोटींहून अधिक चेतासंधी. तेवढ्या खसखशीत उडणं, लाजणं-लाजवणं, भांडणं आणि आपण हात उगारायच्या आत निसटणं, सगळं बसवलेलं आहे.

त्याच वेळी एका गटाने हा नकाशा घेऊन संगणकात अगदी साधं प्रतिरूप बनवलं. पेशी म्हणजे ठरावीक पातळीपर्यंत भरली की सांडणारं भांडं, इतकं साधं. मग त्यांनी त्या संगणकी मेंदूच्या गोड चव ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या. जोडण्यांच्या जंजाळातून लाट गेली आणि सोंड पुढे काढायचा हुकूम देणाऱ्या पेशी जाग्या झाल्या. साखरेची चव लागल्यावर खरी माशी हेच करते. मी हे वाचलं त्या दिवशी स्वयंपाकघरात केळ्यांवर बसलेल्या चिलटांना हाकलायला हात उचलला आणि क्षणभर तसाच राहिला. (नंतर हाकलली. केळी शिकरणाची होती.)

आता आपल्याकडे येऊ. फ्रान्सिस क्रिक, डीएनएच्या रचनेचे सहशोधक, उत्तरायुष्यात मेंदूकडे वळले. अशक्य गोष्ट मागण्यात अर्थ नसतो, असं सांगताना 1979 साली त्यांनी उदाहरण दिलं होतं ते मेंदूच्या एका घनमिलिमीटरच्या नेमक्या जोडणी-नकाशाचं. एप्रिल 2025 मध्ये उंदराच्या दृष्टिकेंद्रातला जवळपास तेवढाच तुकडा प्रसिद्ध झाला: 2 लाखांवर पेशी, 52 कोटींहून अधिक चेतासंधी. तुकडा कापण्याआधी जिवंत उंदराला चित्रफिती दाखवून त्याच्या पेशींचं कामही टिपून ठेवलं होतं. त्या फितींत 'द मेट्रिक्स'चे तुकडे होते. यंत्राने रचलेल्या भासमान जगात अडकलेल्या माणसांचा सिनेमा उंदराला दाखवायची कल्पना ज्याला सुचली, त्याला माझा नमस्कार.

त्याच्या आधल्याच वर्षी माणसाच्या मेंदूचा एक घनमिलिमीटर मांडला गेला होता. अपस्माराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना काढावा लागलेला तो तुकडा. हार्वर्डमधल्या जेफ लिक्टमन यांच्या प्रयोगशाळेने आणि गूगलने मिळून त्यात 57,000 पेशी आणि सुमारे 15 कोटी चेतासंधी मोजल्या. काही तंतू एकाच शेजाऱ्याला पन्नासाहून अधिक ठिकाणी बिलगलेले सापडले, तर काही विनाकारण स्वतःभोवतीच गुंडाळी करून बसलेले. का, ते कळलेलं नाही.

त्या एवढ्याशा कणाच्या चित्रांना 14 लाख जीबी जागा लागली. घरातला लॅपटॉप 1,000 जीबीचा धरला तर 1,400 लॅपटॉप. आपला मेंदू ढोबळमानाने असे 12 लाख कण भरेल, म्हणजे 168 कोटी लॅपटॉप, आणि हे फक्त फोटो ठेवायला. ज्याचा फोटो काढायचा तो मेंदू, 8,600 कोटी चेतापेशींचा, साधारण 20 वॅटवर चालतो. स्वयंपाकघरातल्या एलईडी ट्यूबएवढ्या विजेत.

जागेचा प्रश्न सुटेल, ती दरवर्षी स्वस्त होते. मला अडतं ते दुसरीकडे. हे सगळे नकाशे मेंदू कापून मिळाले आहेत. आज माहीत असलेल्या पद्धतीने इतक्या बारकाईने वाचायचं तर आधी मेंदू रसायनात गोठवायचा, मग त्याच्या चकत्या करायच्या. गुहेच्या तोंडाशी राखण करणाऱ्या शिष्यांना इथे कामच नाही, कारण यातली पहिली पायरीच शरीर जाळण्याची आहे. आणि समजा, उद्या न कापता वाचणारं यंत्र निघालं, तर? मग यंत्रातला मी डोळे उघडून म्हणेल, "वा, पोचलो." खुर्चीवरचा मी म्हणेल, "अहो, मी अजून इथेच आहे." खणातला गजरही वाजतच राहील.

यातून पळवाट म्हणून रोबोटशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी 1988 च्या पुस्तकात एक कल्पना रंगवली होती. माणूस जागा असतानाच यंत्र-शल्यविशारद त्याचा मेंदू थराथराने टिपतो आणि प्रत्येक थराच्या जागी त्याचं संगणकी काम जोडून देतो. माणसाला फरक जाणवत नाही, गप्पा चालू असतात. जुन्या वाड्याची एकेक तुळई बदलावी, राहती माणसं न हलवता, तसं. ऐकायला हे भयंकर आहे, पण तुमच्या-माझ्या डोक्यात याच्या जवळपासचं काहीतरी रोज चालू असतं. चेतापेशी जन्मभर त्याच राहतात, पण त्यांचे सांधे ज्या प्रथिनांचे असतात त्यांतली बहुतेक काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मोडतात आणि नवी बसतात. गेल्या दिवाळीचा वाडा आता मालमसाल्याने बराचसा वेगळा आहे. गजर मात्र एकच वाजतो. म्हणून कधी काळी हे जमलंच तर बदली म्हणण्यासारखं काही या वाटेने होईल, स्कॅनच्या वाटेने नाही, असं मला वाटतं.

तरीही शेवटची गाठ उरतेच, आणि ती पुण्यातल्या पाषाणला गेलं की छान दिसते. तिथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2018 साली 'प्रत्यूष' महासंगणक बसवला गेला. अशा यंत्रांत अख्खा मोसमी पाऊस चालतो, ढग चढतात, वारे वळतात, कोकणात धो धो कोसळतं. इमारतीतली फरशी कोरडी ठणठणीत. गणितातला पाऊस भिजवत नाही. पण त्याच यंत्राने दोन संख्यांची बेरीज केली तर? ती बेरजेची नक्कल असते का? नाही, ती खरीच बेरीज असते, बोटांवर केलेल्या बेरजेइतकी खरी. प्रश्न एवढाच आहे की जाणीव या दोघांपैकी कुणाच्या जातीची. ती बेरजेसारखी असेल तर संगणकी माशीला साखर गोड लागायची शक्यता उरते. पावसासारखी असेल तर यंत्रातला मी हुबेहूब माझ्यासारखा बोलेल, आईच्या आठवणीने गळा भरून येईल, आणि आत कुणीही नसेल.

मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तॉफ कॉख पावसाच्या बाजूचे. जाणीव हा पदार्थाच्या प्रत्यक्ष रचनेचा गुण आहे, आजच्या धाटणीचा संगणक कितीही मोठा केला तरी त्यात ती उतरणार नाही, असं मांडणाऱ्या सिद्धान्ताचे ते समर्थक. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांना संगणकात जाणीव असणं अशक्य वाटत नाही. 1998 साली जर्मनीत दोघांनी पैज लावली: पंचवीस वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल, असं कॉख म्हणाले. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत भर सभेत त्यांनी हार मान्य केली आणि चाल्मर्स यांना वाइनच्या बाटल्यांची पेटी दिली. मग तिथेच पुन्हा पंचवीस वर्षांची पैज लावली. ती 2048 मध्ये सुटेल. कॉख तेव्हा 91 वर्षांचे असतील, आणि यंत्रात जाऊन निकालाची वाट बघायची सोय त्यांनी स्वतःच स्वतःसाठी बंद करून ठेवली आहे.