गुन्हे घडतात किती, नोंदले जातात किती?

एखाद्या गावात वर्षभरात ॲट्रॉसिटीचा एकही गुन्हा नोंदला गेला नाही, म्हणजे तिथे आपली माणसे सुखाने नांदतात असे समजायचे का? आम्ही तसे समजत नाही. सरकारी आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो.

राज्यांच्या पोलिसांकडून माहिती घेऊन केंद्राचा गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एन.सी.आर.बी., देशाचा अहवाल काढतो. लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, यावरून दर ठरतो. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. बलात्कार करून खून केला, तर तो बलात्कारात नव्हे, खुनात मोजला जातो. अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे देशात २०२१ मध्ये ५०,९०० गुन्हे नोंदले गेले, तर २०२२ मध्ये ५७,५८२. अत्याचार वाढले, की माणसे धीर धरून ठाण्याची पायरी चढू लागली? एकटा आकडा हे सांगत नाही.

आता आपला बीड जिल्हा पाहा. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंग तपासणीला बंदी करणारा कायदा १९९४ चा. तरीही पोटातच नाहीशा झालेल्या या लेकींची फिर्याद कोण देणार? घरचे गप्प, डॉक्टर गप्प. पोलिसांच्या वहीत जे आले नाही, ते शिरगणतीने उघडे केले. हुंडा, वंशाच्या दिव्याचा हट्ट आणि सोनोग्राफीचे यंत्र, या तिन्हींनी मिळून हे केले.

ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींचेही तसेच. २०१९ मध्ये जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून दुखणे अंगावर काढायचे. अशा बाईची फडात कोणी छेड काढली, तर ती तक्रार कुठे करणार? मुकादमाची उचल अंगावर, मुलुख परका, ठाणे लांब. ती मुकाट्याने कोयता चालवते आणि त्या तालुक्याचा आकडा स्वच्छ राहतो. कर्ज, स्थलांतर आणि जात यांमुळे अत्याचाराला वाव मिळतो, आणि त्याच कारणांनी तो झाकलाही जातो.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. तिची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका. फिर्याद घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, हे संसदेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

बाई एकटी ठाण्यात गेली तर तिला परत पाठवणे सोपे जाते. तिच्यासोबत वस्तीतले चार जण जाऊ द्या, त्यांत लिहिता-वाचता येणारा एक तरी असू द्या. आपले दुःख कागदावर आले नाही, तर सरकारच्या लेखी ते घडलेच नाही.