पाठ केलेली माणसं

मी मुद्रितशोधक आहे. चारशे पानांच्या पुस्तकातला एक चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ मला भातातल्या खड्यासारखा लागतो. पण हळदीकुंकवाला दहा बायका एकदम बोलू लागल्या की एकीचंही वाक्य धड ऐकू येत नाही. घरी आल्यावर अंधार करून पडावं लागतं. ‘या ना एकदा निवांत’ हे खरं आमंत्रण की नुसता निरोप, ते उमगत नाही. माहेरी मला ‘शिष्ट’ म्हणायचे, सासरी ‘तुसडी’. चाळिशी उलटल्यावर कळलं, हा ऑटिझम.

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या मुलांचं वर्णन केलं, त्यांचं वेगळेपण उठून दिसणारं होतं. बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधलं ते मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ मधल्या लेखानं. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास हे लक्षण अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या निकषांत आलं २०१३ मध्ये. माझी शाळा त्याच्या कितीतरी आधी संपली होती. त्यात मुली बघून बघून शिकतात. फोनवर आधी तब्येत विचारायची, मग कामाचं बोलायचं. डोळ्यांत बघवत नसेल तर भुवयांकडे बघायचं. हे सगळं मी पाठ केलं होतं. याला मास्किंग म्हणतात. बाहेर ते निभतं आणि थकवा घरच्यांच्या वाट्याला येतो.

निदानासाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो. मानसशास्त्रज्ञ तासन्‌तास बोलतात, लहानपण खोदून विचारतात. माझ्या आईलाही बोलावलं होतं. बांगड्या भरल्या की काढून टाकायची, पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायची, असं सगळं तिनं सांगितलं आणि वर ठणकावलं, “हट्टी होती, आजारी नव्हती.” तिचं बरोबर होतं. ऑटिझम हा आजार नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. त्यावर औषध नाही. सोबत येणाऱ्या चिंतेवर किंवा नैराश्यावर मात्र उपचार होतात.

आधी हायसं वाटलं, मग राग आला. तुटलेल्या मैत्रिणी आठवल्या. सासूबाई म्हणाल्या, “संसार झाला, लेक मोठी झाली, आता हा कागद कशाला?” कागदानं मी बदलले नाही, मागण्या बदलल्या. पाहुणे येणार असतील तर सकाळीच सांगा, एवढं मी नवऱ्याला सांगितलं. कामाच्या सूचना फोनवर न घेता लिहून मागते. लग्नाला जाते, जेवते आणि डीजे सुरू व्हायच्या आत निघते. ऑफिसात निदान सांगितलेलं नाही. लेखी सूचना मागायला ते सांगावं लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते काढायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

हे वाचून स्वतःबद्दल शंका आली, तर मोबाइलवरच्या चाचणीला निकाल समजू नका. आधी एक वही करा : कुठे गेलात, कोण होतं, नंतर किती वेळ थकवा राहिला. तज्ज्ञाला ती उपयोगी पडेल. निदान काहीही निघो, आठवड्यातले कुठले तास आपल्याला झेपत नाहीत, हे घरच्यांना नेमकं सांगता येईल.