यत्नाचार : उंबरठ्याच्या आतील अहिंसा

पर्युषणाच्या दिवसांत सायंकाळी घरोघरी प्रतिक्रमण होते. कळत-नकळत दुखावल्या गेलेल्या सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. पुष्कळदा त्याच घटकेला स्वयंपाकघरात ओट्याखाली उंदरासाठी चिकट पुठ्ठा मांडलेला असतो आणि मोरीच्या कोपऱ्यात झुरळांचे औषध फवारलेले असते. घरातले कोणीही निर्दय नसते. बाजारात सहज मिळणारा उपाय सवयीने आणला जातो, एवढेच. परंतु मुखातील क्षमा आणि ओट्याखालील पुठ्ठा यांत जे अंतर पडते, त्याचा विचार श्रावकाने कधीतरी थांबून करावयास हवा.

अडचण खोटी नाही. उंदीर धान्य नासतो व रोग पसरवतो. डासांमुळे मलेरिया आणि डेंग्यू होतो. पाळण्यात तान्हे मूल असलेल्या मातेला ‘सहन करा’ असे सांगणे हा धर्मोपदेश नव्हे. प्रश्न आहे तो घर निरोगी राखताना जीवघात कसा टाळावा, हा.

प्रमाद हेच मूळ

तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवले आहे. प्रमत्त वृत्तीने, म्हणजे कषायवश होऊन किंवा बेसावधपणे केलेला प्राणघात ही हिंसा होय. म्हणूनच जैन आचारात यत्नाचाराला, जपून वागण्याला, एवढे महत्त्व आहे.

गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले जातात. चूल पेटवताना वा घर झाडताना होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. ती कमीत कमी व्हावी म्हणून तो जपतो. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडावयाचीच असते. मुंगी व ढेकूण त्रींद्रिय, माशी व डास चतुरिंद्रिय, उंदीर व पाल पंचेंद्रिय. हे सारे त्रस जीव आहेत.

येथे एक पळवाट नेहमी शोधली जाते. स्वतःच्या हाताने मारावयाचे नाही, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावयाचे. परंतु कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्ही वाटांनी कर्मबंध होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैसे देऊन करविलेले कृत्यही आपल्याच खाती जमा होते. इमारतीच्या सभेत फवारणीचा ठराव येतो तेव्हा श्रावकाने मूग गिळून बसू नये. आधी गटारांना जाळ्या बसवाव्यात, कचऱ्याची जागा बंदिस्त करावी, गळके नळ दुरुस्त करावेत, असे नम्रपणे सुचवावे.

चिकट पुठ्ठा आणि पाच अतिचार

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. चिकट पुठ्ठ्यावर सापडलेल्या उंदराची अवस्था या दृष्टीने पाहावी. तो जखडला जातो, हा बंध. सुटण्याच्या धडपडीत त्याची कातडी सोलवटते. अन्न नाही, पाणी नाही, आणि मरण यावयास कित्येक तास, कधी दिवसही लागतात. एका पुठ्ठ्यावर अनेक अतिचार एकवटतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या पुठ्ठ्यांचा वापर थांबविण्याविषयी राज्यांना कळविले आहे. प्राण्यांना अनावश्यक यातना देणे 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरते.

पूर्वीचा पिंजरा पुन्हा घरात यावा. मात्र पिंजरा लावून विसरणे हाही बंधच. तो सकाळ-संध्याकाळ पाहावा आणि आत खाणे ठेवावे. घरातील छोटी उंदरे पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फटीतूनही आत येतात; म्हणून पाइपांभोवतीच्या फटी तारेची घासणी दाबून सिमेंटने बुजवाव्यात आणि दाराखाली पट्टी लावावी. फार दूरच्या अनोळखी उघड्या जागी सोडलेला उंदीर बहुधा जगत नाही. घराजवळच, आडोसा असलेल्या झाडोऱ्यात त्याला सोडावे. पिंजऱ्याला हातमोजे घालून हात लावावा व नंतर तो स्वच्छ धुवावा. कोठे चिकट पुठ्ठ्यावर जीव अडकलेला दिसलाच, तर खाद्यतेल हलकेच सोडून त्याला मोकळे करता येते.

सूर्यास्तानंतरचे स्वयंपाकघर

झुरळ हा निशाचर जीव आहे. अन्नाशिवाय ते काही आठवडे तग धरते, पाण्याशिवाय मात्र त्याचे फार काळ चालत नाही. रात्री ओली मोरी, उष्टी भांडी आणि उघडा केराचा डबा मिळाला की त्याचा संसार वाढतो. रात्रिभोजनत्यागाचा गृहोपयोगी अर्थ येथे उमगतो. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, ताटात उष्टे राहत नाही, भांडी घासून ओटा-मोरी कोरडी केली जाते, त्या घरात रात्री झुरळाला काही मिळतच नाही. न मिळाल्यामुळे ते येत नाही, आणि न आल्यामुळे मारण्याची वेळ येत नाही.

मुंग्यांचेही असेच. वाट सापडलेली मुंगी मागे गंधाची रेषा ठेवते आणि बाकीच्या तिच्यावरून चालतात. खाद्य उचलून घेतले की रांग हळूहळू विरळ होते. ती ओसरल्यावर साबणाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने ती वाट पुसावी व भिंतीची फट बुजवावी. रांगेवर गरम पाणी ओतण्याचे मग कारणच उरत नाही.

धान्याची कोठी

धान्यातील किडीविषयी जुन्या श्राविकांचे ज्ञान आजही उपयोगी आहे. धान्य भरण्यापूर्वी ते निवडून कडक उन्हात वाळवावे, थंड झाल्यावर एरंडेल चोळून किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. हे कीड पडण्यापूर्वी करावयाचे. कीड पडल्यावर तेच धान्य उन्हात घालणे म्हणजे जीवांना भाजणे. असे धान्य सावलीत चादरीवर पसरावे; जीव आपोआप बाहेर निघू लागतात. चाळणीत उरलेले जीव मूठभर धान्यासह आडोशाला ठेवावेत. गुजरातेतील काही पांजरपोळांत धान्यातील किड्यांसाठी ‘जीवातखाना’ नावाची वेगळी खोली असे, ती याच भावनेतून.

दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस मानतात. लागेल तेवढेच दळण दळले, तर त्यात जीवोत्पत्तीला अवसरच मिळत नाही.

डास : आठवड्याचा हिशेब

डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. अळ्या झाल्यावर पाणी ओतणे म्हणजे त्यांचा घात. म्हणून पाणी साचू न देणे हीच खरी दया. पिंप व टाक्या कापडाने घट्ट झाकाव्यात. कुंड्यांखालच्या बशा, कूलर आणि गच्चीवरील अडगळ कोरडी ठेवावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्यामुळे बाळाला दुपारीही मच्छरदाणीत निजवावे आणि खिडक्यांना जाळ्या लावाव्यात.

एवढे करूनही घात घडतो. एखाद्या घरात रोगाची साथ शिरते आणि रुग्णाच्या रक्षणासाठी नाइलाजाने कठोर उपाय करावा लागतो. अशा वेळी त्याला निर्दोष म्हणू नये आणि त्याची सवयही होऊ देऊ नये. आलोचना करावी, आणि ती वेळ का आली याचा शोध घ्यावा. बहुधा गळका नळ, उघडा डबा किंवा बुजवायची राहून गेलेली फट सापडते. ती बुजवणे हेच खरे प्रायश्चित्त. मग पुढच्या प्रतिक्रमणात क्षमा मागताना ओट्याखाली काही लपवावे लागणार नाही.